कडक आई, मऊ बाबा आणि मधलं पोर

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की मुलांना वाढवताना तुमचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते कळवा. पत्रं भरपूर आली, आणि त्यातली निम्मीशिम्मी तरी अशी की नवरा-बायकोचं भांडण झालंय आणि आता निकाल मी द्यायचाय. निकाल वगैरे मी देणार नाही, पण जे माहितीये ते सांगते. जागा कमी म्हणून पत्रं कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. मी कडक आहे हे मला मान्य आहे, अभ्यास, झोप, स्क्रीन सगळ्याला माझे नियम आहेत. ह्यांचं एकदम उलट, मी नाही म्हटलं की हे हळूच हो म्हणतात, वर मलाच ऐकवतात की तू त्याचं बालपण खातेस. आता मुलगा काही हवं असलं की थेट बाबांकडे जातो आणि माझ्याकडे फक्त ओरडा खायला येतो. आमच्यातलं कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही दोघांनी मिळून एक समज करून घेतलाय की कडकपणा आणि प्रेम ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, एकीकडे सरकलं की दुसरीकडचं कमी होणार. सगळी गोची तिथेच आहे.

डायना बॉमरिंड म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या, कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला. पालकत्वाच्या पद्धतींबद्दल आज आपण जे काही बोलतो त्याची सुरुवात बरीचशी त्यांच्यापासून होते. त्यांचा १९६७ चा अभ्यास मला आवडतो कारण त्यांनी पालकांना आधी लेबल नाही लावलं, आधी मुलं बघितली, बालवाडीच्या वयाची. काही मुलं मजेत असायची, स्वतःचं स्वतः करायची, नवीन काही दिसलं की भिडायची. काही घुमी, कुरकुरी, कोणावर पटकन विश्वास न टाकणारी. आणि काही अशी की स्वतःवर ताबाच नाही आणि जरा वेगळं काही समोर आलं की मागे सरणार. मग बाईंनी बघितलं की यांच्या घरी काय चालतं. पहिल्या मुलांच्या घरी नियम होते आणि ते पाळून घेतले जायचे, पण का ते सांगितलं जायचं, मुलाचं ऐकून घेतलं जायचं आणि माया उघड दिसायची. दुसऱ्या मुलांच्या घरी नियम होते पण 'मी सांगतेय म्हणून' या पलीकडे काही नाही आणि जवळीक कमी. तिसऱ्या घरात माया होती, अपेक्षा मात्र जवळपास काहीच नाहीत. आता दुसरं घर तुम्ही नीट वाचा आणि तिसरं तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या.

पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी हे जास्त सुटसुटीत केलं. त्यांनी म्हटलं दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा, एक म्हणजे पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात आणि दुसरी म्हणजे मुलाच्या गरजेला, भावनेला किती प्रतिसाद देतात. या दोन्ही एकमेकींपासून मोकळ्या आहेत, म्हणजे एक वाढवायला दुसरी कमी करावी लागत नाही. दोन्ही भरपूर असलेल्या घरातली मुलं सरासरीने बरी निघतात, अभ्यासात, मित्रांमध्ये, स्वतःबद्दल वाटण्यात. दोन्ही कमी, म्हणजे ना नियम ना विचारपूस, हे चौथं घर, आणि सगळ्यात वाईट निकाल तिथले. (चौथ्या घरातले पालक मला कधी पत्र लिहीत नाहीत, हेही आहेच.)

सरासरीने म्हटलंय हं. हे सगळं एकमेकांसोबत आढळलेलं आहे, यामुळेच ते झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शांत मुलाशी शांत वागणं सोपं असतं, म्हणजे मूलही पालकाला घडवतंच, रिचर्ड बेल यांनी हे १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. शिवाय सुरुवातीचा बहुतेक अभ्यास अमेरिकन घरांवरचा. रुथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी वंशाच्या कुटुंबांबद्दल दाखवलं की बाहेरून जे हुकमी दिसतं त्याच्या आत काळजी आणि घडवण्याची तळमळ असू शकते, आणि मुलालाही ते तसंच पोचतं. म्हणून नुसता आवाज किती चढा यावरून कुठल्या घराचं काही ठरवू नये.

आता तुमचं. मला तुमचा कडकपणा किंवा त्यांचा मऊपणा याच्यापेक्षा तो 'हळूच हो' जास्त खटकतो. कारण त्यातून मुलगा शिकतोय की नियम म्हणजे आईचा मूड, आणि त्याला वळसा घालायचा रस्ता बाबांकडून जातो. एखाद्या रात्री तो झोपल्यावर दोघं बसा आणि कुठले नियम अजिबात हलणार नाहीत ते ठरवा, तीन-चारच ठेवा, जास्त नको, जास्त ठेवले की पाळून घेताना दमछाक होते आणि मग सगळेच ढिले पडतात. बाकीच्या बाबतीत ज्याने आधी उत्तर दिलं त्याचं उत्तर फायनल, दुसऱ्याला पटलं नाही तर भांडण मुलामागे. आणि एक अदलाबदल करा, हलणार नाही त्यातला एखादा नियम पाळून घ्यायचं काम बाबांचं, आणि मुलासोबत नुसतं खेळायचं, टवाळक्या करायच्या असा रोजचा थोडा वेळ तुमचा, त्यात अभ्यासाचा अ काढायचा नाही. तो तुमच्याकडे फक्त ओरडा खायला येतो असं तुम्हीच लिहिलंय, त्याला यायला दुसरं काही कारण द्या की.

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे. रडलं की मी लगेच उचलते, घरातले सगळे म्हणतात की सवय लागेल, रडू दे थोडं. खरंच लाडावेल का?

उत्तर: नाही. उचला बिनधास्त. पाच महिन्यांच्या बाळाकडे डावपेच नसतात, रडणं हीच त्याची भाषा. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये जे छापलं ते तर लोकांच्या समजुतीच्या बरोब्बर उलट होतं, पहिल्या काही महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला आई पटकन धावून गेली ती बाळं वर्षाच्या शेवटाकडे कमी रडत होती. त्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण उचलल्याने बाळ बिघडतं असं त्या वादातूनही काही निघालं नाही. फक्त तुम्ही स्वतः अगदीच थकला असाल तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाजूला जाऊन श्वास घेतला तर त्याचं काही वाकडं होत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: मॅडम, तुमच्यासारखे लोक मारू नका मारू नका म्हणतात. आम्ही लहानपणी भरपूर मार खाल्लाय, आमचं काय बिघडलं? उलट शिस्त लागली. आजकालच्या मुलांना धाकच उरला नाही म्हणून ती अशी झालीत. माझी मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत आणि एक फटका दिला की सुतासारखी सरळ होतात.

उत्तर: होतात, मान्य. फटका दिला की त्या क्षणी मूल थांबतं आणि म्हणूनच तर आपण परत परत देतो, कारण रिझल्ट हातात लगेच मिळतो. प्रश्न उद्याचा असतो. तुमच्याच पत्रात आहे ना, 'एक फटका दिला की', म्हणजे द्यावा लागतोच आहे अजून. सहाव्या वर्षी दिला आणि काम झालं असं असतं तर दहा वर्षांच्याला लागलाच नसता.

'आमचं काय बिघडलं' याला उत्तर देणं अवघड असतं, कारण मार न खाता वाढलेले तुम्ही आपल्याकडे तुलनेला नाहीत. म्हणून एका माणसाकडे न बघता खूप मुलांकडे बघावं लागतं. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र केले, दीड लाखाच्या वर मुलं त्यात होती, आणि मुद्दाम फक्त उघड्या हाताने दिलेले फटके धरले, पट्टा, काठी वगैरे बाजूला ठेवलं. तरी जे दिसलं ते हेच की फटके खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा जास्त, उदासी आणि चिंता जास्त, आईवडिलांशी नातं जास्त बिघडलेलं. परिणाम प्रचंड मोठे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, एका फटक्याने कोणाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं असं कोणी म्हणत नाहीये. पण फायद्याच्या बाजूला काहीच सापडलं नाही आणि ही गोष्ट मोठी आहे. औषधाचा साइड इफेक्ट छोटा असला तरी गुण शून्य असेल तर ते कोण घेईल?

'आमच्यात चालतं' हाही मुद्दा येतो, तर तोही तपासून झालाय. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहा देशांतल्या आया आणि मुलांशी बोलून बघितलं, भारत त्यात होता, चीन, केनिया, इटली, थायलंड, फिलिपिन्सही. जिथे मारणं नेहमीचं समजलं जातं तिथे मुलांवरचा परिणाम थोडा कमी तीव्र निघाला, कारण मुलाला वाटतं सगळ्यांच्याच घरी असं असतं. पण थोडा कमी म्हणजे नाही असं नव्हे, तिथेही जास्त मार खाणारी मुलं जास्त आक्रमक होतीच.

धाक गेला म्हणून मुलं बिघडतात म्हणता, तर स्वीडनने १९७९ मध्ये पालकांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, जगात पहिल्यांदा. मजा म्हणजे त्या कलमात पालकांना वेगळी शिक्षा ठेवलीच नव्हती, उद्देश लोकांची समजूत बदलायचा होता, त्यासाठी दुधाच्या पाकिटांवर माहिती छापली होती. त्यानंतर तिथली पिढी हाताबाहेर गेली असं काही झालेलं नाही.

मग करायचं काय? दहा वर्षांच्या मुलाचं सोपं आहे, त्याच्या वागण्याचा परिणाम त्याच्याच वाट्याला येऊ द्या आणि तो परिणाम आधीच सांगून ठेवलेला असू द्या. वस्तू फेकली तर ती वस्तू उद्यापर्यंत मिळणार नाही, सांडलं तर पुसायचं. सहाच्याला लहान वाक्य, जवळ जाऊन, डोळ्यात बघून. लांबून तीनदा ओरडून चौथ्यांदा उठायचं ही आपली सवय असते आणि मुलांना ते बरोबर पाठ असतं की पहिले तीन फुकट आहेत. तुम्ही पहिल्यांदाच उठा. कंटाळवाणं आहे, कबूल, फटक्यापेक्षा खूपच जास्त मेहनतीचं आहे.

प्रश्न: मी आजी आहे, नात तीन वर्षांची. सून तिला प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसते, बाळा तुला राग आलाय का, तुला कसं वाटतंय, आणि ती पोरगी जमिनीवर लोळतेय, किंचाळतेय. शेवटी तिला हवं ते देऊन टाकतात. मी काही बोलले तर म्हणतात आता नवीन पद्धत आहे. ही कुठली पद्धत?

उत्तर: काकू, तुमचं निम्मं बरोबर आहे आणि सूनबाईंचंही निम्मं, ती दोन निम्मी एका घरात राहतायत हे नातीचं नशीब.

सूनबाई रागाला नाव देतायत ते चांगलंच आहे. तीन वर्षांच्या मुलीला पोटात काहीतरी उसळतंय एवढंच कळतं, त्याला राग म्हणतात हे कोणीतरी सांगावंच लागतं. तसंच या वयात लोळण घेणं हे बिघडल्याचं लक्षण नाही, एक ते चार या वयात बहुतेक मुलं हे करतात, स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो तो अजून फारच कच्चा असतो. फक्त ती किंचाळत असताना लांबलचक समजावणं तिच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा एकच वाक्य पुरे, 'तुला अजून खेळायचंय, राग आलाय, पण आता जायचंय', आणि मग गप्प बसून शेजारी थांबायचं. समजावणं सगळं नंतर, ती शांत झाल्यावर.

खरी चूक होतेय ती शेवटी 'देऊन टाकतात' तिथे. भावना सगळ्या चालतील पण म्हणून मागणी मान्य होईल असं नाही, हे दोन वेगळं ठेवायला लागतं. आणि कधी द्यायचं, कधी नाही, हे तर त्याहून वाईट. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहितीये की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते. पाचपैकी एकदा लोळून मिळालं तर मूल पाचही वेळा लोळणार. जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरात जाऊन हेच बघितलं, मूल चढतं, पालक चढतो, मूल आणखी चढतं, शेवटी पालक सोडून देतो, सगळं शांत होतं, आणि दोघंही शिकतात, मूल शिकतं की शेवटपर्यंत ताणलं की जमतं आणि पालक शिकतो की सोडून दिलं की सुटका होते. 'नाही' म्हणायच्या आधीच विचार करा की हे शेवटपर्यंत निभावणार आहोत का, नसेल तर सरळ पहिल्यांदाच हो म्हणून टाका, त्यात काही कमीपणा नाही. सुरुवातीला नियम पक्का धरला की काही दिवस किंचाळणं वाढतं, ते वाढलं म्हणून घाबरू नका.

आणि काकू, हे सूनबाईंना नातीसमोर सांगू नका हं.

प्रश्न: मी १५ वर्षांची आहे. मला ९२ टक्के पडले तरी घरी विचारतात ८ कुठे गेले. लहानपणी सगळे सारखे म्हणायचे की किती हुशार आहे ही, आता मला अवघड काही करून बघायचीच भीती वाटते. आणि आई चिडली की ओरडत नाही, दोन-दोन दिवस बोलतच नाही. मला वाटतं ओरडलेलं परवडलं.

उत्तर: तुझं पत्र मी सगळ्यात आधी वाचलं आणि बरं झालं लिहिलंस.

भीतीचं आधी. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस आणि काहींना म्हटलं तू छान मेहनत घेतलीस. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच अडखळले. आणि त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी दिली, तर हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा खाली घसरली, मेहनतीचं कौतुक झालेली वर गेली. एवढंच नाही, आपले मार्क दुसऱ्या मुलांना लिहून कळवताना हुशार म्हटलेल्यांपैकी जास्त जणांनी खोटे वाढवून सांगितले. कारण एकदा हुशार ठरलं की अवघड काम म्हणजे ते खोटं पडायची रिस्क. तुला जे वाटतंय ते भित्रेपण नाहीये, अशा कौतुकानंतर पुष्कळ मुलांचं असंच होतं. एखादी गोष्ट अशी निवड जी घरी कोणाला दाखवायची नाहीये आणि जी तुला नीट येतही नाही, आणि ती वाईट कर थोडे दिवस.

अबोल्याचं. हे पालकांसाठीही लिहितेय, मोठ्यांनी वाचावं. संशोधक दोन प्रकारचं नियंत्रण वेगळं धरतात. एक वागण्यावरचं, म्हणजे घरी किती वाजता यायचं, अभ्यास केव्हा. दुसरं मनावरचं, म्हणजे बोलणं बंद करणं, अपराधी वाटायला लावणं, 'मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू', प्रेम काढून घेतल्यासारखं करणं. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये या दोन्हींचा फरक स्पष्ट मांडला, पहिलं नियंत्रण अजिबातच नसेल तर मुलं बाहेर उद्योग करून ठेवण्याची शक्यता वाढते, आणि दुसरं जास्त असेल तर मुलं आतून कोमेजतात, उदास होतात. बाहेरून असं घर एकदम शांत, सुसंस्कृत दिसतं, मारझोड नाही, आरडाओरडा नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. तुझ्या आईला बहुतेक माहितही नसेल की हे ओरड्यापेक्षा जास्त लागतं, तिला कदाचित वाटत असेल की मी किती संयम ठेवतेय. दोघी शांत असाल तेव्हा एवढंच म्हण, 'तू चिडलीस तर मला सांग, पण बोलणं बंद केलंस की मला वाटतं मी तुला नकोशी झालेय.' बोलून होत नसेल तर लिहून दे. आणि रोजच रडू येतंय, झोप लागत नाहीये असं असेल तर ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या शिक्षकांना किंवा काउन्सेलरना सांग, वाट बघू नकोस.

प्रश्न: मुलगा १४ वर्षांचा. त्याच्या फोनवर लोकेशन चालू ठेवलंय आणि मेसेजेस मी अधूनमधून बघतो, त्याला माहीत नाही. बायको म्हणते हे चूक आहे. पण मुलं काय करतात ते आईबापाला माहीत असायला हवं की नको?

उत्तर: हवंच. पण माहिती येते कुठून ते बघा. बरीच वर्षं अभ्यासकही असंच समजत होते की ज्या पालकांना मुलांचं सगळं माहीत असतं त्यांची मुलं कमी भानगडी करतात, म्हणजे लक्ष ठेवणं उपयोगी. मग स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० मध्ये एक साधा प्रश्न विचारला की पालकांना कळतं तरी कसं? सातशेच्या आसपास १४ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक, अगदी तुमच्या मुलाचं वय. निघालं असं की पालकांना जे माहीत असतं त्यातलं बरंचसं मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. चौकशा आणि पहारा यातून कळण्याचा वाटा त्यामानाने कमी. आणि ज्या मुलांना सतत आपल्यावर नजर आहे असं वाटत होतं त्यांचं तर उलट बरं चाललेलं नव्हतं.

म्हणजे तुम्हाला जे पाहिजे ते त्याच्या तोंडून येणारेय, फोनमधून नाही. आणि ज्या दिवशी त्याला मेसेजचं कळेल, आणि कळणारच, १४ वर्षांची मुलं फोनच्या बाबतीत आपल्यापेक्षा चार पावलं पुढे असतात, त्या दिवशी तो सांगणं बंद करेल आणि दुसरं अकाउंट उघडेल. लोकेशन ठेवायचं तर ठेवा पण त्याला सांगून, आणि घरातल्या सगळ्यांचं चालू ठेवा, तुमचंसुद्धा. मेसेज वाचणं थांबवा. जिवाला धोका आहे, कोणीतरी मोठा माणूस त्याला गाठतोय, तो स्वतःला इजा करेल अशी खरी शंका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बघायलाच हवं आणि त्याला सांगूनच बघायला हवं.

तो सांगतो का हे मुख्यतः यावर ठरतं की मागच्या वेळी सांगितलं तेव्हा काय झालं. मित्राने सिगरेट ओढली असं तो म्हणाला आणि तुम्ही त्या मित्राचं घरी येणं बंद केलं, तर पुढची बातमी विसरा. ऐकलंत की आधी फक्त 'मग?' म्हणा. लेक्चर द्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी त्याची गरज वाटत नाही असं पालक मला सांगतात.

प्रश्न: एकाच घरात, एकाच पद्धतीने वाढवलेली दोन मुलं इतकी वेगळी कशी? मोठी एका शब्दात ऐकते, धाकटा कशालाच जुमानत नाही. आमचं दुसऱ्या वेळी काही चुकलं का?

उत्तर: काही चुकलं नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांना तान्हेपणापासून पुढे कितीतरी वर्षं बघितलं. साधारण ४० टक्के मुलं सोपी होती, १० टक्के जन्मापासूनच अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी, उरलेली मिश्र. तुमची पहिली लॉटरी लागली आणि तुम्हाला वाटलं ती आपली पद्धत. त्यांनी दुसरंही म्हटलं होतं की मुलाचा स्वभाव आणि घरातली वागणूक यांचा मेळ बसला की अवघड मूलही छान वाढतं. मग धाकट्यासाठी पद्धत वेगळीच लागणार, नियम कमी पण पक्के, बदल व्हायच्या आधी सूचना, 'दहा मिनिटांनी बंद करायचंय' असं, आणि अंगातली रग जिरवायला रोज पळापळ. 'ताई बघ कशी' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. दोघांशी सारखं वागणं म्हणजे न्याय असं काही नसतं.

प्रश्न: तुमचे लेख वाचून मला जास्तच टेन्शन येतं. नोकरी, घर, दोन मुलं, संध्याकाळी माझा भडका उडतोच, मग रात्री झोपलेल्या मुलांकडे बघून रडते. मी मुलांचं कायमचं नुकसान करतेय का?

उत्तर: नाही करत. पालकत्वाची पद्धत वगैरे जे म्हणतात ते वर्षानुवर्षांच्या वागण्याबद्दल असतं, मंगळवारच्या संध्याकाळबद्दल नसतं.

डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ होते आणि मनोविश्लेषकही, ते १९५० च्या दशकातच म्हणून गेले की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली लागते, आणि आई हळूहळू थोडी थोडी कमी पडते म्हणूनच मूल स्वतःचं सांभाळायला शिकतं. एड ट्रॉनिक यांचा प्रयोग तर प्रसिद्धच आहे, काही महिन्यांच्या बाळासमोर आई दोन-एक मिनिटं चेहरा कोरा ठेवून बसते, बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, मग हिरमुसून तोंड फिरवतं किंवा रडतं. लोक तेवढंच बघून घाबरतात. पण त्याच माणसाच्या कामातून हेही पुढे आलं की अगदी छान जमणाऱ्या आई-बाळांचे सूरसुद्धा अर्ध्याहून कमी वेळच जुळलेले असतात, बाकी वेळ काही ना काही चुकतं आणि परत जुळवलं जातं. ते परत जुळणं बाळाच्या कामाचं असतं.

म्हणून भडका उडाल्यावर रात्री एकटीने रडण्याऐवजी मुलं जागी असताना जा आणि म्हणा, 'मघाशी मी फार ओरडले, तुझं चुकलं होतं पण तेवढं ओरडायची गरज नव्हती.' बस. त्यात 'पण तूच मला चिडवतोस' जोडू नका, नाहीतर माफी परत ओरड्यात जमा होते. आणि मुलांकडूनच माफ केलं ना, राग नाही ना असं वदवूनही घेऊ नका, तुम्हाला बरं वाटायला लावणं हे त्यांचं काम नाही.

बाकी, संध्याकाळी भडका उडतोच असं लिहिलंय, रोज ठरलेल्या वेळी उडत असेल तर तो स्वभावाचा प्रश्न कमी आणि कामाच्या वाटणीचा जास्त वाटतो मला. घरात दुसरं मोठं माणूस आहे का, आणि असेल तर ते त्या वेळेला काय करत असतं, हे पत्रात कुठेच आलेलं नाही. मुलांचे बाबा हे वाचत असतील तर त्यांनीही लिहावं.

प्रश्न: मुलगा १७ चा झाला. आजवर आम्ही हुकमाने वाढवला, आता तो आमच्याशी बोलत नाही. उशीर झाला का?

उत्तर: उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. मेंदूचा विचार करणारा, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, त्याला अजून बरीच वर्षं तुमची गरज आहे, फक्त हुकूम देणारे म्हणून नाही. ज्युडिथ स्मेटाना यांनी किशोरवयीन मुलांशी बोलून दाखवलंय की सुरक्षिततेच्या बाबतीत, दुसऱ्याला इजा होईल अशा बाबतीत पालकांनी बोलावं हे मुलांना मान्य असतं, पण कपडे, केस, खोली, मित्र कोण यात पालक आले की ती भिंत उभी करतात. तुमचे आजचे सगळे नियम एका कागदावर लिहा आणि या दुसऱ्या भागात येणारे तुम्ही स्वतःहून खोडा, त्याने मागायच्या आत. उरलेल्यांपैकी त्याला कुठला पटत नाही ते विचारा आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका, पहिल्या वेळी बहुतेक 'काही नाही' एवढंच उत्तर येईल, तर पुढच्या आठवड्यात परत विचारा.